केकवॉकमधलं तिसरं कडवं

सावरवुड खोऱ्यातल्या अग्निशमन केंद्राच्या दारावर चिकटवलेला कागद रोएना स्टिडमने वाचला, पुन्हा वाचला, आणि गिटारची पेटी धप्पकन खाली ठेवली.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: केकवॉक. नव्या होजपाइपच्या मदतीसाठी. बीन्स आणि कॉर्नब्रेड मिळेल. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं: संगीत, एमिटची मुलगी.

"विल्मा आत्या!"

आत्या आतून आली. हातात केकचं ताट, ताटावर झाकण, झाकण पडू नये म्हणून त्यावर टेकवलेली हनुवटी. "ओरडतेस कशाला? मी काय डोंगरापलीकडे आहे?"

"हे काय आहे?"

"कागद आहे."

"आत्या, आज माझ्या नव्या अल्बमचा कार्यक्रम आहे. मी हॉल मागितला होता. तू हो म्हणालीस."

"मग हॉल दिला की. दोन्ही बंब बाहेर काढले, फरशी धुतली. नुसतं तुझं गाणं आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं? आता सगळं खोरं येतंय. आभार मानायचे सोडून वर तोंड करतेस."

"आणि माझं नाव?"

"नाव लिहिलं तर लोक विचारतील, कोण बाई ही रोएना? एमिटची मुलगी म्हटलं की सगळ्यांना कळतं."

रोएनाने पेटी उचलली आणि आत गेली.

खोऱ्याबाहेर मात्र तिचं नाव लोकांना कळू लागलं होतं. पंधरा वर्षं ती स्वतः गाणी लिहीत होती, स्वतः गात होती आणि खटारा गाडी चालवत गावोगाव जात होती. हा अल्बम तिने तिचा साथीदार डेन्व्हर याच्या धान्यकोठारात ध्वनिमुद्रित केला होता. डेन्व्हर तिच्याबरोबर बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवायचा, आणि जगात त्याला घाई कशाचीच नव्हती. मागे कुठली कंपनी नाही, काही नाही. रेकॉर्डी आणि सीड्या ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोक्यांत भरायची, चिकटपट्टी लावायची आणि टपालात नेऊन टाकायची. पोस्टमास्तर प्रत्येक वेळी विचारायचा, "काय, साबणाचा धंदा बरा चाललाय ना?" तिने त्याला साबण नाही म्हणून इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी ती "बरा चाललाय" म्हणू लागली होती.

मग एका मासिकात अल्बमबद्दल छापून आलं. लांबलांबची रेडिओ केंद्रं तो वाजवू लागली. ज्या शहरात मागच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथे यंदा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गाणं होतं, 'बंब पोचेपर्यंत'. जळणाऱ्या एका घराचं गाणं. त्यातही तिसरं कडवं. घर जळून गेल्यावर एक बाई चांदण्यात मोकळ्या केसांनी राखेत बसते, पिठाच्या चाळणीने राख चाळते, मेलेल्या मुलाचे फोटो शोधते आणि तिला काहीच सापडत नाही. 'राखेत बसून ती रडली, वाऱ्यालाही कळू न देता.' ही ओळ मासिकाने जाड अक्षरांत छापली होती.

आज ते गाणं ऐकायला मार्गो लिंडक्विस्ट येणार होती. शरद ऋतूतल्या मोठ्या महोत्सवात कोणी गायचं हे ती ठरवायची. फोनवर म्हणाली होती, "मला ते तुझ्या गावात, तुझ्या माणसांत ऐकायचंय." तेव्हा रोएनाला ही कल्पना फार छान वाटली होती.

हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने आकड्यांचं मोठं गोल रिंगण काढलं होतं. भिंतीशी लांब टेबलावर केक मांडले होते. रिंगणाच्या मधोमध रोएनाचे वडील उभे होते. एमिट स्टिडम, केंद्राचे कप्तान, हातात उलटं धरलेलं हेल्मेट आणि हेल्मेटात आकड्यांच्या चिठ्ठ्या. मार्गो नेमकी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, शहरी बूट घालून.

"नवीन दिसता," एमिट म्हणाले. "सोपं आहे. गाणं सुरू झालं की आपल्या आकड्यावरून निघून रिंगणात चालायचं. मी हात वर केला की गाणं बंद. ज्या आकड्यावर असाल तिथे थांबायचं. मी चिठ्ठी काढणार. तुमचा आकडा निघाला तर केक तुमचा."

"मी फक्त ऐकायला आलेय," मार्गो म्हणाली.

"नुसतं उभं राहून कोण ऐकतं?" विल्मा आत्याने तिच्या कोपराला धरून तिला अकरावर नेऊन उभं केलं. "चालता चालता ऐका. पायांना बरं असतं."

सातावर मिस लुडी कॉम्ब्स उभी होती. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, डोक्याला रुमाल. तिचा थरांचा केक, ज्याच्या प्रत्येक थरात वाळवलेल्या सफरचंदाचं सारण असायचं, तो टेबलाच्या मधोमध होता आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर होता. मिस लुडी दर वर्षी स्वतःचाच केक परत जिंकायला रिंगणात उतरायची. "भलत्याच्या घरी गेला तर दुसऱ्या दिवशीच कापतील," ती म्हणायची. "तो मुरू द्यावा लागतो."

रोएनाने पहिली फेरी एका हलक्याफुलक्या गाण्यावर काढली. एमिटनी हात वर केला, ती थांबली, पोस्टमास्तरने चॉकलेटचा केक जिंकला. ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं. आता लोक सैलावले आहेत. आता आपलं गाणं.

पहिलं कडवं भोंग्याचं. भोंगा वाजतो आणि माणसं हातातलं टाकून धावत सुटतात. रिंगणातले लोक ताल धरून चालू लागले. दुसरं कडवं पाण्याचं. ओढा आटलेला, टाकी रिकामी, आणि समोर घर जळतंय. मार्गोने चालता चालता डोळे मिटले. रोएनाने तिसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला.

एमिटचा हात वर गेला.

"चौदा!" त्यांनी चिठ्ठी काढली. टाळ्या. कुणीतरी नारळाचा केक घेऊन गेलं.

रोएना वाकून म्हणाली, "डॅडी, हे गाणं पूर्ण होऊ द्या."

"केकवॉकचं गाणं पूर्ण होत नसतं, रो."

"मग थोडं उशिरा थांबवा."

"केक पुष्कळ आहेत, आणि लोकांना बीन्स खायच्या आहेत. चल, सुरू कर."

तिने पुन्हा तेच सुरू केलं. भोंगा, माणसं, ओढा, टाकी. या वेळी दुसरं कडवं ती जरा भरभर म्हणाली. हात तरीही तिथेच वर गेला. तिसऱ्यांदा तिने मधला वाजवायचा भाग गाळला. हात पुन्हा तिथेच.

"ए एमिटच्या पोरी," लोणच्याच्या बरण्यांजवळून कुणीतरी ओरडलं, "तुला एवढंच येतं का गं?"

हॉल हसला. रोएनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मासिकवाले म्हणाले होते की तिचं गाणं संपल्यावर खोलीत टाचणी पडल्याचा आवाज येतो. इथे गाणं संपेल तर ना! शिवाय टाचणीचं सोडा, इथे मागे कॉफीच्या पिंपाला टेकून दोघं जण ट्रकच्या गिअरबद्दल बोलत होते.

डेन्व्हर बासच्या मागून हळूच म्हणाला, "तिन्ही वेळा एकाच जागी. तुझे वडील मुद्दाम करताहेत."

"मुद्दाम कसं करतील? त्यांनी अल्बम ऐकलासुद्धा नाही. पाकीट टीव्हीवर पडलंय, न फोडलेलं. वर कॉफीचा मग ठेवतात."

"मग बघ ना ऐकलाय की नाही."

"कसं?"

"तिसऱ्या कडव्यापासूनच सुरू कर."

रोएनाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने सूर लावला, सुरुवातीची धून नेहमीसारखीच वाजवली, आणि भोंगा, ओढा, सगळं सोडून थेट पहिला शब्द घेतला, "राखेत..."

एमिटचा हात असा वर गेला की हेल्मेटातल्या चिठ्ठ्या उडाल्या. लोकांनी अजून पाऊलसुद्धा उचललं नव्हतं.

"आता हे काय?" विल्मा आत्या म्हणाली. "कुणी चाललंच नाही!"

रोएनाने गिटार खुर्चीवर ठेवली आणि सरळ वडिलांकडे गेली. त्यांच्या बाहीला धरून तिने त्यांना कॉफीच्या पिंपाजवळ नेलं. गिअरवाले दोघं शहाण्यासारखे बाजूला झाले.

"तुम्ही ऐकलाय अल्बम."

एमिट चिठ्ठ्या गोळा केल्यासारखं करत राहिले.

"डॅडी!"

"ट्रकमध्ये ऐकला. डेन्व्हरकडून दुसरी सीडी घेतली होती."

रोएनाने मान वळवून डेन्व्हरकडे पाहिलं. डेन्व्हर बासच्या तारा फार लक्ष देऊन पुसू लागला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही ऐकलाय, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. ती बाई किती लांबून गाडी चालवत आलीये माहितेय? हे एक कडवं ऐकायला! आणि तुम्ही तिला केकसाठी गोल गोल फिरवताय!"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

"कारण ती तिथे उभी आहे," एमिट म्हणाले. मान न वळवता त्यांनी हनुवटीने सातव्या आकड्याकडे खूण केली. "घर तिचं होतं, रो. राख तिची होती. दुसऱ्या दिवशी मी आमची तिथे राहिलेली शिडी आणायला गेलो, तर ती बसली होती चाळण घेऊन. मला म्हणाली, एमिट, पाहिलंस ते पाहिलंस, आता बोलू नकोस. मी शब्द दिला होता."

"मला तर सांगितलंत."

"तू माझी मुलगी आहेस. तू रेडिओ आहेस हे मला काय माहीत?"

लिहिताना रोएनाला वाटलं होतं, नाव तर घातलं नाही, बाहेर कुणाला कळणार? आणि खोऱ्यात तिची गाणी ऐकतं कोण? गावाने आपल्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून ती वर्षानुवर्षं चिडत आली होती, आणि त्याच भरवशावर तिने हे कडवं लिहिलं होतं.

"मग मला तेव्हाच सांगायचं होतं," ती म्हणाली. आवाजात आता तेवढी धार नव्हती.

"छापून आल्यावर? तू आनंदात होतीस."

"एमिट!" रिंगणातून काठी आपटल्याचा आवाज आला. "मी सातावर उभी आहे आणि माझा गुडघा मला शिव्या देतोय. चाललंय काय तुमचं?"

"काही नाही, मिस लुडी! लगेच सुरू करतो. रो, दुसरं काहीतरी गा."

पण मिस लुडीने आकडा सोडला होता. केकवॉकमध्ये आकडा सोडणं म्हणजे केक सोडणं, म्हणून सगळा हॉल गप्प झाला. टक टक करत ती पिंपापाशी आली.

"दुसरं कशाला? तेच गा. तीन वेळा ओढा आटवलास, आता पुढे जा की."

"मिस लुडी," एमिट म्हणाले, "त्या गाण्यात पुढे..."

"पुढे मी आहे. मला ठाऊक आहे. पुतण्याच्या गाडीत ऐकलंय मी, दवाखान्यात जाता येता. तू एमिट, बिनडोक माणूस आहेस. गाणं दर वेळी तिथेच थांबवून सगळ्यांना सांगतोयस की पुढे काहीतरी आहे. नाहीतर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं."

एमिटचा चेहरा बंबासारखा लाल झाला. "मी शब्द दिला होता तुम्हाला."

"हो, आणि मोडलास. ते नंतर बघते." ती रोएनाकडे वळली.

"मिस लुडी, माझी चूक झाली. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवं होतंच. विचारलं असतंस तर तो चंद्र घातला नसतास. कसलं चांदणं? भर दुपार होती. चांदण्यात राख चाळून काय दिसणार होतं मला? डोकं वापर जरा."

"हो."

"आणि केस मोकळे म्हणे! मी कधी मोकळ्या केसांनी घराबाहेर पडलेय? रुमाल होता, हाच. आणि मी रडले नाही."

एमिट खाली बघून चिठ्ठ्या मोजू लागले, कारण तिला रडताना त्यांनी पाहिलं होतं.

"धूर होता डोळ्यांत," मिस लुडी म्हणाली. "राख दोन दिवस धुमसत होती. धूर जातो डोळ्यांत. गाणार असशील तर तसं गा. आणि काही सापडलं नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"डॅडींनी."

"याला काय माहीत? हा मला बघून तसाच मागे फिरला, शिडीसुद्धा न घेता. थांबला असता तर दाखवलं असतं. फोटोचा कोपरा सापडला एक. टोपी, आणि टोपीखाली माझ्या पोराचा एक कान. तो माझ्याजवळ आहे." तिने पर्सवर हात ठेवला, उघडली नाही. "उशिरा का होईना, आता माहीत झालं. जा, गा."

"असं ऐन वेळी कसं बदलू?" रोएना जवळजवळ रडकुंडीला आली होती. "चाल बसणार नाही. ती ओळ छापून आलीये, मिस लुडी. लोक तीच ऐकायला येतात. ती तिकडे अकरावर उभी आहे ती बाई तीच ऐकायला आलीये!"

"मग तिला सांग, ती ओळ खोटी आहे. मी बसते. खुर्ची आण रे कुणीतरी."

खुर्ची आली. मिस लुडी रिंगणाच्या मधोमध, एमिटच्या जागेवर, काठीवर दोन्ही हात ठेवून बसली.

रोएनाने गिटार उचलली. डेन्व्हर म्हणाला, "शब्द बसेना तर थांब, मी एक फेरी जास्त वाजवीन." त्या सीडीवरून त्याच्यावर चिडायचं राहिलंच होतं, पण आता त्याला वेळ नव्हता.

भोंगा वाजला, माणसं धावली. लोक सवयीने चालू लागले. ओढा आटला, टाकी संपली. मग ती जागा आली. रोएनाने वडिलांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते, खोलवर.

तिने तिसरं कडवं घेतलं. भर दुपार, डोक्याला रुमाल. 'रुमाल' तिच्या चालीत लांब पडला, ती अडखळली, डेन्व्हरने फेरी वाढवली, ती पुन्हा चढली. "राखेत बसून चाळत राहिली, डोळ्यांत नुसता धूर." पुढची ओळ तिला अजून सापडलीच नव्हती. तिने टोपी म्हटलं, तिने कान म्हटलं, जमेल तसं, यमकाबिमकाशिवाय, आणि मग शब्दच संपले म्हणून गाणं संपलं.

रिंगणात कुणी चालत नव्हतं. कधी थांबले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी आकड्यावर होतं, कुणी दोन आकड्यांच्या मधे. एमिट सगळ्यांकडे पाठ करून कॉफीच्या पिंपाचा नळ दुरुस्त करत होते. नळाला काही झालेलं नव्हतं.

मिस लुडीने नाक पुसलं. "धूर बरा जमलाय," ती म्हणाली. "कानाचं अजून नीट कर."

तेवढ्यात विल्मा आत्याला कंठ फुटला. "हे बरं झालं! आता या फेरीचा थरांचा केक कुणाला द्यायचा? हात कुणी वर केलाच नाही!"

मग जो गोंधळ झाला तो झाला. पोस्टमास्तर म्हणाला मी नवावर होतो. एक जण म्हणाली तू नवावर नव्हतास, तू माझ्या पायावर होतास. कुणी म्हणालं फेरी रद्द करा, कुणी म्हणालं एमिटचा कप्तानपणा रद्द करा. शेवटी एमिटनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. अकरा.

मार्गो खरोखरच अकरावर होती. या फेरीत ती जागची हललीच नव्हती. विल्मा आत्याने तिच्या हातात तो जड केक ठेवला तेव्हा मिस लुडी काठीने खूण करत म्हणाली, "ए बाई, चार दिवस कापू नकोस. मुरू दे."

"नाही कापणार, मॅडम," मार्गो म्हणाली. मग केक छातीशी धरून ती रोएनापाशी आली. "रेकॉर्डवर हे कडवं वेगळं आहे."

"हो," रोएना म्हणाली. ती इतकी थकली होती की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "रेकॉर्डवरचं चुकीचं आहे."

"मला ऑक्टोबरात तू महोत्सवात हवीयेस. पण हे कडवं गायचं. ते नाही."

रोएनाने मिस लुडीकडे पाहिलं. मिस लुडी आधीच ऐकत होती. "कान नीट केलास तर," ती म्हणाली.

बाहेर बंब पुन्हा आत घेताना एमिट आणि रोएना शेजारी शेजारी उभे होते. घरी तिच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डींची खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि प्रत्येकात चंद्र होता. ती सगळी परत कशी फिरवायची, की तशीच विकायची, की प्रत्येकात एक चिठ्ठी घालायची, याचा विचार करून तिचं डोकं भणभणत होतं.

"रो," एमिट म्हणाले.

"काय?"

"पुढच्या वेळी आधी मला ऐकव."

"ऐकवते. आणि तुम्ही ऐकलंत तर तोंडाने सांगा. हात वर करू नका."

एमिट बंबाच्या दारावरचा डाग अंगठ्याने घासत म्हणाले, "चंद्र तसा मला आवडला होता."

"डॅडी, गप्प बसा," रोएना म्हणाली, आणि उरलेल्या खुर्च्या उचलायला आत गेली.